जळकोटचा नकाशा कोण काढणार? खेळांतील नकाशांचा इतिहास

१/
मायनक्राफ्ट या खेळात ग्रेट ब्रिटन २०१३ साली डाउनलोडसाठी खुला झाला होता. डेन्मार्क तर २०१४ साली एकास एक प्रमाणात उपलब्ध झाला होता. लंडनचे रस्ते आणि कोपनहेगनची घरे खेळाडू आपल्या संगणकात घेऊन फिरले आहेत. लातूर जिल्ह्याच्या ईशान्येस, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले जळकोट मात्र असे सरकारी हातांनी तयार झालेले कोणाला मिळणार नाही. ते हवे असेल, तर जळकोटकरांनाच घडवावे लागेल.

या धाग्यात अशा 'कस्टम मॅप'चा, म्हणजे खेळाडूंनी स्वतः घडवलेल्या नकाशांचा इतिहास पाहू. तो मराठवाड्याशी कुठे येऊन मिळतो, तेही पाहू.

२/
आधी शब्द समजून घेऊ. 'सँडबॉक्स' म्हणजे वाळूची पेटी. ज्या खेळात ठरावीक कथा किंवा शेवट नसतो आणि हाती दिलेल्या साहित्यातून खेळाडू हवे ते उभे करतो, तो सँडबॉक्स खेळ.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. दिवाळीत अंगणात दगड, माती आणि पोत्याचे तुकडे घेऊन मुले किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि मावळे उभे करतात. कोणी राजगड करतो, कोणी सिंधुदुर्ग, तर कोणी कधीही नसलेला स्वतःचा गड. माती तीच असते, नकाशा मात्र ज्याचा त्याचा असतो.

३/
संगणकाच्या खेळांत ही मोकळीक आरंभी नव्हती. चक्रव्यूह रचणारा कंपनीतला आणि त्यात धावणारा घरातला, अशी सरळ विभागणी होती.

१९८३ साली आलेल्या 'लोड रनर' या खेळाने ती ठळकपणे ओलांडली. त्यात १५० पातळ्या होत्या आणि सोबत नवी पातळी रचण्याचे साधनही दिलेले होते. शिड्या कुठे, खजिना कुठे, पहारेकरी कुठे, हे खेळणाऱ्याला ठरवता येऊ लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८२ रोजी, उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर हा नवा जिल्हा वेगळा झाला होता.

४/
पुढचे मोठे वळण १० डिसेंबर १९९३ रोजी आले. त्या दिवशी अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीचा 'डूम' प्रसिद्ध झाला.

कंपनीच्या आधीच्या 'वुल्फेन्स्टाइन थ्री-डी' या खेळाच्या फाइली उकलून काही खेळाडूंनी त्यात परस्पर बदल केले होते. प्रमुख प्रोग्रामर जॉन कारमॅक यांना याचा राग आला नाही. उलट डूमची रचना त्यांनी मुद्दाम अशी केली, की खेळ चालवणारे यंत्र एका बाजूला आणि नकाशे, चित्रे, आवाज दुसऱ्या बाजूला राहतील. या दुसऱ्या बाजूची फाइल म्हणजे 'वॅड'. ती बदलली, की यंत्र तेच राहते आणि जग नवे होते.

५/
काही आठवड्यांतच, १९९४ च्या आरंभी, डूमचे नकाशे रचण्याचे साधन खेळाडूंनी स्वतः तयार करून फुकट वाटले. इड सॉफ्टवेअरने एक अट घातली : नवे नकाशे विकत घेतलेल्या पूर्ण खेळावरच चालावेत, फुकटच्या नमुन्यावर नव्हे. या साध्या तडजोडीने कंपनीचा धंदा टिकला आणि खेळाडूंची निर्मितीही मान्य झाली.

पुढे 'हाफ-लाइफ'च्या पायावर १९९९ साली 'काउंटर-स्ट्राइक' उभा राहिला, तर 'वॉरक्राफ्ट थ्री'च्या एका कस्टम मॅपमधून 'डोटा' जन्मला. दोन्ही मूळ कंपनीत घडले नव्हते, ते खेळाडूंच्या हातून आले होते.

६/
मायनक्राफ्ट २००९ साली लोकांसमोर आला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. त्याचे माप ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यातील एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर. सोळा बाय सोळा ठोकळ्यांचा एक खंड. संगणकावरील जावा आवृत्तीत असे बत्तीस बाय बत्तीस खंड एका फाइलीत साठवतात. म्हणजे एका फाइलीत ५१२ मीटर लांब आणि ५१२ मीटर रुंद भूभाग मावतो. हिशेब केला तर सुमारे ६५ एकर.

मराठवाड्यातील लहानशा खेड्याचे जुने गावठाण एवढ्यात सहज बसते. अवघे एक गाव एका फाइलीत. हे वाक्य लक्षात असू द्या, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

७/
असा नकाशा इन्स्टॉल कसा करतात? जावा आवृत्तीत डाउनलोड केलेली झिप फाइल उघडावी आणि आतला फोल्डर खेळाच्या 'सेव्ह्ज' फोल्डरमध्ये ठेवावा. खेळ सुरू केला, की जगांच्या यादीत नवे नाव दिसते.

दिसले नाही, तर बहुधा फोल्डरच्या आत पुन्हा फोल्डर राहिलेला असतो. 'लेव्हल डॉट डॅट' ही फाइल त्या जगाचा फोल्डर उघडताच समोर दिसली पाहिजे. मोबाइलवरील बेडरॉक आवृत्तीत काम आणखी सोपे आहे. 'एमसीवर्ल्ड' प्रकारची फाइल उघडली, की खेळ ती स्वतःच आत घेतो.

८/
तीन पथ्ये पाळावीत. नकाशा खेळाच्या कोणत्या आवृत्तीसाठी केला आहे ते आधी वाचावे. जुना नकाशा नव्या आवृत्तीत उघडण्यापूर्वी त्याची प्रत काढून बाजूला ठेवावी, कारण एकदा रूपांतर झाले की मागे फिरणे कठीण. आणि नकाशाच्या नावाखाली 'ईएक्सई' फाइल चालवायला सांगितली, तर ती उघडूच नये. नकाशा हा निव्वळ साठा असतो. त्याला स्वतः चालण्याचे कारण नसते.

इतिहासाचा अभ्यासकही हेच करतो. साधन कोणत्या काळातले आहे ते पाहतो, मूळ प्रत जपतो आणि अनोळखी दस्तऐवजावर लगेच विश्वास टाकत नाही.

९/
आता दोनशे वर्षे मागे जाऊ. कारण जळकोटच्या परिसराची शास्त्रशुद्ध मोजणी पहिल्यांदा झाली, तेव्हा तिचे साधन होते सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट.

विल्यम लॅम्बटन यांनी एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला. एक बाजू जमिनीवर काटेकोर मोजायची, दोन टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घ्यायचे आणि उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या. अशा त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली.

१०/
ही साखळी बीदरजवळच्या दामरगिद्दा येथील ठाण्यावरून उत्तरेला वऱ्हाडात गेली. दामरगिद्द्याचे रेखांश साधारण ७७ अंश ४० कला. देगलूरही जवळपास याच रेषेवर येते. म्हणजे हा 'महाचाप' जळकोटच्या पूर्वेस, जेमतेम पन्नास किलोमीटरवरून गेला.

काम पुढे नेत असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन यांचे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालवले. जगातल्या सर्वोच्च शिखराला पुढे ज्यांचे नाव मिळाले, तेच हे.

११/
त्या मोजणीची अचूकता आजही थक्क करते. पण तिला काय हवे होते? दूरवरून दिसणारी टेकडी, बुरूज, मंदिराचे शिखर. बिंदू हवा होता, बिंदूखालचे गाव नको होते. टेकडीवरून कोन घेणाऱ्याला खालच्या गल्लीत कोणाचे घर आहे, बारव कुठे आहे, पाराखाली कोण बसते, याच्याशी कर्तव्य नव्हते.

महसुलाचा नकाशा आला तेव्हा त्याला शिवाराची हद्द आणि शेताचा नंबर हवा होता, कारण त्यावर सारा ठरत होता. प्रत्येक नकाशा काढणाऱ्याच्या गरजेपुरतेच खरे सांगतो.

१२/
राज्यकर्त्यांचे नकाशे बदलतात तेव्हा गाव जागचे हलतही नाही. जळकोट पूर्वी उदगीर तालुक्यात होते आणि उदगीर निजामाच्या हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि उदगीर उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. पुढे जळकोट स्वतःच तालुक्याचे ठाणे झाले.

आयुष्यभर एकाच वाड्यात राहिलेल्या माणसाचा जिल्हा दोनदा बदलला. एकाही वेळी नकाशा त्याच्या हातचा नव्हता.

१३/
आता १९९३ कडे परत येऊ. डूम प्रसिद्ध होण्याआधी दहा आठवडे, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या रात्री गणेश विसर्जन करून लोक निजले होते. जाड दगडी भिंती, मातीचा दर्जा आणि त्यावर जड माळवद, अशी घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली.

१४/
उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. पुनर्वसनात जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. रस्ते रुंद, ओळी सरळ, भिंती भूकंपाला तोंड देणाऱ्या. ते आवश्यक होते आणि त्याने जीव सुरक्षित झाले, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण जुन्या गावाची रचना, म्हणजे वेस, चावडी, वाड्यामागचे बोळ, एका भिंतीला लागून असलेली दोन भावांची घरे, पाण्याला जायची वाट, ही नव्या आराखड्यात नाही. जुन्या गावठाणात दगड उरले. रचना उरली ती माणसांच्या आठवणीत, आणि ज्यांनी ते गाव थोरपणी पाहिले, ती माणसे आता वृद्ध झाली आहेत.

१५/
येथे खेळातला नकाशा आणि इतिहास समोरासमोर येतात. आजच्या तरुणाला एखादा भूप्रदेश खेळात उतरवायचा, तर उंचसखलपणाची माहिती विनामूल्य मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा बहुतांश भूभाग मोजला. त्यातील तीस मीटरच्या तपशिलाची माहिती पुढे जगभरासाठी खुली झाली. भारतीय सर्वेक्षण विभागानेही २०१७ मध्ये 'नक्शे' या संकेतस्थळावरून आपले अनेक नकाशे नागरिकांना डाउनलोडसाठी खुले केले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी नकाशे तयार करण्यावरील बरीचशी बंधने उठवली.

१६/
पण तीस मीटर म्हणजे खेळातले तीस ठोकळे. एवढ्या अंतरात मराठवाड्यातला एक अख्खा वाडा मावतो. उपग्रहाच्या वा अवकाशयानाच्या माहितीतून बालाघाटाची रांग येईल, नदीचे खोरे येईल. उदगीरच्या किल्ल्याचा खंदक ओळखू येईलच असे नाही. कंधारच्या किल्ल्याचा दरवाजा तर येणारच नाही. आणि किल्लारीची १९९३ पूर्वीची गल्ली कोणत्याही यंत्राला दिसणार नाही, कारण ती आता जमिनीवर नाही.

यंत्र जमीन देते. गाव माणसाने द्यावे लागते.

१७/
जगात याची उदाहरणे आहेत. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेने सप्टेंबर २०१३ मध्ये ग्रेट ब्रिटनचा मायनक्राफ्ट नकाशा फुकट दिला. त्यात सुमारे २२०० कोटी ठोकळे होते आणि तो एका प्रशिक्षणार्थी तरुणाने तयार केला होता. एप्रिल २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी भूमापन खात्याने अख्खा देश खेळात उतरवला. त्यातील काही भाग खेळाडूंनी स्फोटके लावून उडवले आणि तिथे अमेरिकी झेंडे रोवले. सरकारी नकाशा लोकांच्या हाती गेला, की लोक त्याचे काय करतील हे सरकार ठरवू शकत नाही.

१८/
याहून महत्त्वाचा प्रयोग 'ब्लॉक बाय ब्लॉक' या नावाने २०१२ मध्ये सुरू झाला. मायनक्राफ्टची कंपनी मोजांग आणि संयुक्त राष्ट्रसंघाची यूएन-हॅबिटॅट ही संस्था यांनी ठरवले, की वस्तीतील मोकळ्या जागेचा आराखडा त्या वस्तीतल्या लोकांनीच खेळात रचावा. नैरोबीच्या किबेरा वस्तीत तो आरंभी झाला. मुंबईतील गौतमनगर वस्तीतही रहिवाशांनी असे काम केले.

आराखड्याचा निळा कागद वाचता न येणाऱ्यालाही ठोकळ्यांचे बाकडे कुठे हवे, दिवा कुठे हवा, हे बोटाने दाखवता येते. नकाशाची भाषा त्यामुळे अभियंत्यापुरती राहिली नाही.

१९/
आणखी एक उदाहरण जतनाचे. मार्च २०२० मध्ये 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेने मायनक्राफ्टमध्ये एक भव्य ग्रंथालय उभे केले. ज्या देशांत काही लेखनावर बंदी होती, ते लेखन त्यातील ग्रंथांत ठेवले. तो नकाशा डाउनलोड करता येतो, त्यामुळे त्याच्या प्रती अनेकांकडे झाल्या. एक बंद केली, तरी उरलेल्या राहतात.

आपल्याकडे पोथ्या याच रीतीने टिकल्या. एका मठातली प्रत वाळवीने खाल्ली, तरी दुसऱ्या गावात उतरवून घेतलेली प्रत हाती लागायची. नकाशा डाउनलोड करणारा प्रत्येक जण हा नकळत नक्कलकार असतो.

२०/
म्हणून या धाग्याच्या वाचकांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. एक जुने गावठाण निवडा. ते किल्लारी परिसरातले असेल, धरणात गेलेले असेल, किंवा रस्तारुंदीकरणात बदललेले तुमचेच असेल. एक वर्ष ठरवा, उदाहरणार्थ १९९२. त्या वर्षानंतरचे काहीही त्यात घालू नका.

मग थोरांकडे जा. आजीला 'गाव कसे होते' असे विचारू नका. 'वेशीतून आत आलो, की डाव्या हाताला पहिले घर कोणते' असे विचारा. वाट विचारली, की आठवण पावले टाकू लागते.

२१/
दोन माणसांच्या आठवणी जुळणार नाहीत. एक म्हणेल बारव देवळाच्या पुढे, दुसरा म्हणेल मागे. अशा वेळी बहुमत घेऊ नका. नकाशाच्या दोन प्रती ठेवा, किंवा त्या जागी खेळातली पाटी लावून दोन्ही म्हणणी लिहा. ज्यांनी सांगितले त्यांचे नाव त्यांच्या संमतीनेच घाला. जे ठाऊक नाही, तिथे वाडा रचू नका, मोकळी जमीन ठेवा. सुंदर पण कल्पित बुरूज उभा केला, तर दहा वर्षांनी कोणी तरी तोच खरा मानेल.

जुना गावनकाशा, लग्नातले छायाचित्र, घरपट्टीची पावती, यांतून मापे ताडून पाहा. माळवद किती उंच होते, हे छायाचित्रात दारात उभ्या असलेल्या माणसावरून काढता येते.

२२/
लॅम्बटन यांच्या साखळीत एका त्रिकोणाची चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात गेली असती. म्हणून ठरावीक अंतराने ते पुन्हा जमिनीवर पायारेषा मोजत आणि गणिताचे उत्तर तपासत. बीदरच्या परिसरातली पायारेषा याचसाठी होती.

आठवणींवर उभ्या केलेल्या नकाशालाही पायारेषा लागते. एखादी अजून उभी असलेली भिंत, कोरडी पडलेली बारव, न हललेले देऊळ यांपासून प्रत्यक्ष अंतर मोजावे आणि मगच पुढची गल्ली रचावी.

२३/
पूर्ण झालेला नकाशा झिप करून ठेवला, तर एक लहान गाव काही मेगाबाइटमध्ये मावते. सोबत साध्या मजकुराची फाइल जोडा : कोणते वर्ष, खेळाची कोणती आवृत्ती, कोणी सांगितले, कोणी रचले, कुठे शंका आहे. नकाशा शाळेला द्या, ग्रामपंचायतीला द्या, मित्रांना द्या.

महाचाप मोजणाऱ्यांना जळकोटच्या आसपासची टेकडी हवी होती, महसुलाला हद्द हवी होती, राज्यपुनर्रचनेला सीमा हवी होती. गावाला काय हवे आहे, हे सांगणारा नकाशा अजून काढायचा आहे. साधन आता प्रत्येकाच्या हातात आहे. ज्यांना आठवते, ते मात्र फार दिवस थांबू शकणार नाहीत. म्हणून आधी त्यांच्याकडे जा आणि ठोकळे नंतर रचा.

(धागा समाप्त. आपल्या गावाच्या जुन्या गावठाणाविषयी आपल्याला काही ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा.)